एनव्हिडियाचा शेअर: भावात आधीच काय धरलंय आणि स्पर्धा ते कुठून खाते

२९ ऑगस्ट २०२४. संध्याकाळी सव्वासातला मावसभावाचा फोन आला. पहाटे दोनच्या सुमाराला एनव्हिडिया या एआय चिप बनवून विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचे तिमाही निकाल लागले होते आणि आता अमेरिकेचा बाजार उघडून पंधरा मिनिटं झाली होती.

"दादा, विक्री वर्षात दुपटीच्या वर गेली. अंदाजापेक्षा अब्जभर डॉलर जास्त आली. वर ५० अब्ज डॉलरचं बायबॅक. आणि शेअर पडतोय? आपल्याला माहीत नाही असं काही आहे का?"

(बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेणं.) दिवस संपला तेव्हा शेअर सहा टक्क्यांहून जास्त खाली होता. लपलेलं काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं कंपनीच्या जाहीर कागदांत होतं, फक्त आपण चुकीच्या ओळी वाचत होतो. त्या ओळी कशा वाचायच्या, हे त्याला मी पुढच्या काही महिन्यांत वही घेऊन समजावलं. तेच इथे पायरीपायरीने मांडतोय. शेअर घ्या किंवा विका, हे मी सांगणार नाही. आकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये लागलेल्या निकालांपर्यंतचे आहेत.

आधी कॅलेंडर सरळ करून घ्या

एनव्हिडियाचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संपतं. त्यामुळे कंपनी ज्याला आर्थिक वर्ष २०२५ म्हणते ते जवळपास पूर्ण २०२४ सालात घडलेलं असतं. हे लक्षात न घेता दोन कंपन्यांच्या तिमाह्या शेजारी ठेवल्या की तुलना फसते, कारण एएमडी आणि इंटेल या स्पर्धक चिप कंपन्यांचं वर्ष डिसेंबरमध्ये संपतं. निकाल फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांच्या उत्तरार्धात लागतात. भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात पहाटे दोनच्या आत, हिवाळ्यात तासभर उशिरा. कॉनकॉल, म्हणजे विश्लेषकांशी फोनवरची चर्चा, त्यानंतर साधारण पाऊण तासाने.

पायरी १: 'सांगितलं किती, आलं किती' याची वही

प्रत्येक निकालात कंपनी पुढच्या तिमाहीच्या विक्रीचा अंदाज देते. त्यालाच गायडन्स म्हणतात. बहुतेक कंपन्या हातचं राखूनच सांगतात. एनव्हिडियाने किती राखलं होतं ते पाहा. आकडे अब्ज डॉलरमध्ये आहेत.

| निकालाचा महिना | कंपनीने सांगितलेली विक्री | प्रत्यक्ष विक्री | किती टक्के जास्त |
|---|---|---|---|
| ऑगस्ट २०२३ | ११ | १३.५१ | २३ |
| नोव्हेंबर २०२३ | १६ | १८.१२ | १३ |
| फेब्रुवारी २०२४ | २० | २२.१० | १०.५ |
| मे २०२४ | २४ | २६.०४ | ८.५ |
| ऑगस्ट २०२४ | २८ | ३०.०४ | ७.३ |
| नोव्हेंबर २०२४ | ३२.५ | ३५.०८ | ७.९ |
| फेब्रुवारी २०२५ | ३७.५ | ३९.३३ | ४.९ |
| मे २०२५ | ४३ | ४४.०६ | २.५ |
| ऑगस्ट २०२५ | ४५ | ४६.७४ | ३.९ |
| नोव्हेंबर २०२५ | ५४ | ५७.०१ | ५.६ |

तिसऱ्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक बहुतेक वेळा दोन अब्जांच्या आसपास आहे. ११ वर दोन-अडीच अब्ज जास्त म्हणजे धक्का. २८ वर दोन अब्ज जास्त म्हणजे रिवाज. मे २०२५ ची घसरण वेगळी आहे, तिचं कारण चीन. ते पुढे येईल.

म्हणजे अपेक्षेचे थर तीन. पहिला कंपनीने स्वतः सांगितलेला आकडा. दुसरा विश्लेषकांची सरासरी, जी बातम्यांत छापून येते. तिसरा कुठेच लिहिलेला नसतो: 'दर वेळी दोन अब्ज जास्त येतात, याही वेळी येतील' हा बाजाराचा हिशोब. भाव हलतो तो या तिसऱ्या थरावर. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या तिमाहीसाठी कंपनीने ३२.५ अब्ज सांगितले. ते सरासरी अंदाजाच्या वर होते, पण बाजारात काहींनी त्याहून बरंच जास्त धरलं होतं. मावसभावाला न दिसलेली पहिली ओळ ही.

उलटं उदाहरण २४ मे २०२३ चं. बाजाराने पुढच्या तिमाहीची विक्री सात अब्जांच्या आसपास धरली होती आणि कंपनीने सांगितले ११. दुसऱ्या दिवशी शेअर २४ टक्के वर. त्या दिवशी तिसरा थर रिकामा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ५७ अब्जांची विक्री आणि पुढच्या तिमाहीसाठी ६५ अब्जांचा गायडन्स येऊनही, सकाळी वर उघडलेला शेअर त्याच दिवशी सुमारे तीन टक्के खाली बंद झाला. त्या दिवशी लोकांना कंपनीच्या आकड्यांबद्दल शंका नव्हती. शंका गिऱ्हाइकांच्या खिशाबद्दल होती.

पायरी २: भाव उलटा सोडवा

हा माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग आहे आणि लोक हाच टाळतात. 'कंपनी किती वाढेल' असा प्रश्न न विचारता 'आजचा भाव खरा ठरायला कंपनीला किती वाढावं लागेल' असं विचारायचं. कॅल्क्युलेटर घ्या.

२९ ऑक्टोबर २०२५ ला एनव्हिडियाचं बाजारमूल्य पहिल्यांदा ५ लाख कोटी डॉलरवर गेलं. समजा त्या भावाला घेणाऱ्याला पाच वर्षं दर साल १० टक्के परतावा हवा आहे. मग बाजारमूल्य साधारण ८.०५ लाख कोटी डॉलर व्हायला हवं. तोवर वाढ मंदावलेली असेल, म्हणून बाजार नफ्याच्या २५ पट भाव देईल असं धरू. म्हणजे वर्षाचा निव्वळ नफा ३२२ अब्ज डॉलर हवा. ऑक्टोबर २०२५ ला संपलेल्या चार तिमाह्यांचा नफा मिळून सुमारे ९९ अब्ज होता. तिपटीहून जास्त व्हायला हवा.

आता विक्री. त्या चार तिमाह्यांची एकूण विक्री १८७ अब्ज. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीवर ५३ डॉलर निव्वळ नफा, जो धंद्यात अतिशय दुर्मीळ आहे. हे प्रमाण टिकलं तर ३२२ अब्ज नफ्यासाठी ६०८ अब्जांची विक्री लागेल. दर साल साधारण २७ टक्के वाढ. पण स्पर्धेमुळे ५३ चे ४० झाले तर? तोच नफा मिळवायला ८०५ अब्जांची विक्री लागेल, म्हणजे पाच वर्षं सलग ३४ टक्के.

माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे. स्पर्धक आले तर एनव्हिडियाच्या चिप विकल्या जाणार नाहीत, अशी भीती लोकांना वाटते. विकल्या जातीलच. प्रश्न शंभरामागे हातात किती उरतात हा आहे. २५ पट, १० टक्के, ४० टक्के हे माझे धरलेले आकडे आहेत. तुम्ही तुमचे घाला, बायबॅकमुळे शेअर कमी होतात तेही धरा. पण हिशोब स्वतःच्या हाताने करा.

धंदा वाढूनही शेअर का थांबतो, याचा जुना दाखला म्हणजे सिस्को. मार्च २००० मध्ये इंटरनेटची यंत्रं विकणारी ही कंपनी नफ्याच्या शंभर पटीहून अधिक भावाला होती. पुढे तिची विक्री २००० च्या आर्थिक वर्षातल्या १८.९ अब्जांवरून २०१० मध्ये ४० अब्जांवर गेली. इंटरनेटही आलं, सिस्कोची यंत्रंही खपली. तरीही मार्च २००० चा भाव त्या शेअरला पुढची वीसहून अधिक वर्षं दिसला नाही. एनव्हिडियाचा पी-ई, म्हणजे नफ्याच्या किती पट भाव, तितका चढा नाही आणि नफा खरा आहे, म्हणून दोघींना एका तागडीत घालणं चुकीचं ठरेल. पण 'तंत्रज्ञान खरं आहे, म्हणून भाव बरोबर आहे' हा तर्क त्या शेअरने खोटा पाडला.

पायरी ३: स्पर्धकांची एकच यादी करू नका

बातम्यांत एएमडी, गूगल, चीनची हुआवे सगळे एका ओळीत येतात. त्यांच्याशी लढाई वेगवेगळी आहे, म्हणून वहीत चार पानं करा.

पहिलं पान तसाच माल विकणाऱ्याचं, म्हणजे एएमडीचं. लिसा सू २०१४ पासून सीईओ आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये एमआय३०० ही चिपची मालिका आली आणि २०२४ मध्ये एआय चिपची विक्री पाच अब्ज डॉलरच्या वर गेली. त्याच सुमाराच्या वर्षात एनव्हिडियाच्या डेटा सेंटर विभागाची विक्री ११५ अब्ज होती. एवढी दरी का, याचं उत्तर चिपमध्ये कमी आणि सॉफ्टवेअरमध्ये जास्त आहे. एनव्हिडियाने आपल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याची कुडा ही प्रणाली २००६ मध्ये जाहीर केली, जेव्हा ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेम खेळायची वस्तू होती. २०१२ मध्ये ॲलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं मॉडेल दोन साध्या गेमिंग कार्डांवर शिकवलं गेलं, तेही कुडावर. तेव्हापासून विद्यार्थ्यांपासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे प्रोग्राम त्यावर रचले गेले. चिप बदलणं सोपं, वर्षानुवर्षांचे प्रोग्राम दुसऱ्या प्रणालीवर नेणं किचकट. त्यात २०२० मध्ये मेलानॉक्स ही नेटवर्किंग कंपनी सुमारे सात अब्ज डॉलरना घेतल्यामुळे हजारो चिप एकत्र जोडण्याची व्यवस्थाही एनव्हिडियाचीच झाली. या पानावर बघायचं ते एएमडीची रॉकम ही कुडासारखी प्रणाली किती मोठी गिऱ्हाइकं वापरायला लागली.

दुसरं पान गिऱ्हाइकांचं, आणि मला जास्त काळजी याच पानाची वाटते. गूगल आपली टीपीयू ही एआय चिप २०१५ पासून स्वतःच्या कामाला वापरतं. ॲमेझॉनने त्याच वर्षी ॲनापूर्णा लॅब्ज ही चिप कंपनी विकत घेतली, तिथून पुढे ट्रेनियम ही चिप आली. मायक्रोसॉफ्टची माया २०२३ मध्ये जाहीर झाली, मेटाचीही स्वतःची चिप आहे. ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या यात डिझाइनला मदत करतात. या चिप एनव्हिडियाहून सरस असायची गरजच नाही. ठरलेलं काम स्वस्तात झालं की पुरे. शिवाय पुढच्या खरेदीच्या वेळी टेबलावर 'आमच्याकडे आमची आहे' असं म्हणता येतं, आणि भाव तिथेच खाली येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने गूगलच्या दहा लाखांपर्यंत टीपीयू वापरण्याचा करार जाहीर केला. म्हणजे घरापुरता केलेला माल आता शेजाऱ्यालाही जातोय.

इथे एक फरक समजून घ्या. मॉडेल शिकवणं हे काम सतत बदलतं, तिथे कुडाची लवचीकता लागते. शिकवून झालेलं मॉडेल रोज चालवणं हे काम ठरावीक असतं, आणि तिथे खास बनवलेली चिप लवकर शिरकाव करते. एकूण कामात चालवण्याचा वाटा वाढतोय.

तिसरं पान सरकारांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला ताकदवान चिप विकण्यावर बंधनं घातली. एनव्हिडियाने कमी ताकदीच्या चिप काढल्या, वर्षभरात त्यांवरही बंधन आलं. मग एच२० आली. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवाना लागेल असं कळवण्यात आलं, ४.५ अब्ज डॉलरचा भुर्दंड हिशोबात घ्यावा लागला आणि आणखी २.५ अब्जांचा माल पाठवता आला नाही. वरच्या तक्त्यात मे २०२५ ची ओळ बारीक झाली ती यामुळे. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये विक्रीत चीनचा वाटा १३ टक्के होता. त्या रिकाम्या जागेत हुआवे आपली असेंड चिप वाढवतंय. हे नुकसान एका तिमाहीचं नाही, कारण चिनी प्रोग्रामर कुडाशिवाय काम करायला शिकले की परत येणं अवघड.

चौथं पान कमी चिपमध्ये काम भागवणाऱ्यांचं. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्तात बनवलेल्या एआय मॉडेलच्या बातमीने एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. सुमारे ५९० अब्ज डॉलरचं मूल्य गेलं. एका कंपनीने एका दिवसात गमावलेलं हे अमेरिकी बाजारातलं तोवरचं सगळ्यात मोठं मूल्य. पण त्यानंतरच्या तिमाह्यांत विक्री ४४.०६, ४६.७४ आणि ५७.०१ अब्ज आली. काम स्वस्त झालं की वापर वाढतो, असं कंपनी म्हणते, आणि या आकड्यांनी तिला साथ दिली. हे पान उघडं ठेवा, एवढंच मी सांगेन.

पायरी ४: स्पर्धेची पहिली खूण ढोबळ नफ्यात शोधा

ढोबळ नफा म्हणजे विक्रीतून माल बनवण्याचा थेट खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. एनव्हिडियात हे प्रमाण आर्थिक वर्ष २०२३ मध्ये ५६.९ टक्के, २०२४ मध्ये ७२.७ आणि २०२५ मध्ये ७५ टक्के होतं. त्या फोनच्या दिवशी निसटलेली दुसरी ओळ ही होती: तिमाहीचं समायोजित (काही खर्च वगळून काढलेलं) प्रमाण ७८.९ वरून ७५.७ वर आलं होतं. उत्पादनात खराब चिप कमी निघाव्यात म्हणून ब्लॅकवेल या नव्या चिपच्या डिझाइनमध्ये बदल करावा लागल्याचंही त्याच कागदात होतं.

घसरण दिसली की कारण शोधा. मे २०२५ मध्ये प्रमाण ६१ टक्क्यांवर आलं, पण एच२० चा भुर्दंड वगळला तर ७१.३ होतं. नवी चिप सुरू होताना दोन-तीन टक्के खाली येणंही नेहमीचं. भुर्दंड नाही, नवी चिप नाही, आणि तरीही तीन-चार तिमाह्या सलग घसरण, तर समजा की भाव पाडून माल विकावा लागतोय.

हे किती महागात पडतं ते इंटेलकडे पाहून कळतं. २०१८ मध्ये तिची विक्री ७०.८ अब्ज आणि ढोबळ नफा ६१.७ टक्के होता. २०२४ मध्ये विक्री ५३.१ अब्ज, ढोबळ नफा ३२.७ टक्के. विक्री पाव हिश्श्याने घटली, पण हातात उरणारा ढोबळ नफा साठ टक्क्यांनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेल बाहेर पडली आणि तिच्या जागी एनव्हिडिया आली.

पायरी ५: गिऱ्हाइकाचा खिसा आणि गोदाम

ऑगस्ट २०२५ च्या निकालात दोन थेट खरेदीदारांनीच विक्रीचा २३ आणि १६ टक्के वाटा उचलला होता. एवढं एकवटलेलं गिऱ्हाईक असेल तर त्यांचे निकाल वाचणं हा तुमच्याच अभ्यासाचा भाग. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी), ॲमेझॉन, मेटा यांचे निकाल एनव्हिडियाच्या आधी लागतात. त्यांत भांडवली खर्चाचा आकडा शोधा. अल्फाबेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या वर्षासाठी ९१ ते ९३ अब्ज डॉलर सांगितले. खर्चाचा आकडा वाढला की एनव्हिडियाला बरं, पण त्या कंपन्यांचे गुंतवणूकदार त्यावर चिडायला लागले का तेही बघा. तैवानची टीएसएमसी, जी या चिप प्रत्यक्ष बनवते, दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमाराला विक्री जाहीर करते. खुंटा हलवून बघायला तो आकडा चांगला.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये एएमडीने ओपनएआयला चिपच्या करारासोबत १६ कोटींपर्यंत शेअर मिळवण्याचा हक्क दिला. विकणाराच घेणाऱ्याला बळ देतो, तेव्हा ताटातलं वाटीत किती आणि बाहेरून आलेलं किती, हे वेगळं काढायला हवं. अशा व्यवहारांतून येणारी मागणी मी स्वतः निम्म्याने धरतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

गोदामाचा आकडाही ताळेबंदात मिळतो. जानेवारी २०२५ ला १०.१ अब्जांचा साठा होता, ऑक्टोबरअखेर १९.८. मागणी वाढताना साठा वाढणं ठीक, विक्री थांबली की तोच गळ्यात येतो. २०२२ मध्ये गेमिंग कार्डांची मागणी ओसरली, एका तिमाहीत सुमारे १.३ अब्ज डॉलरचा फटका प्रामुख्याने साठ्यापोटी बसला आणि शेअर त्या वर्षी निम्म्यावर आला. कंपनी तीच, सीईओ जेन्सन हुआंग तेच.

भारतातून घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशात पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के कर आणि वर अधिभार-उपकर. विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका, आणि ते कॅलेंडर वर्षानुसार असतं. अमेरिकी निर्देशांकाचा फंड आधीच असेल तर एनव्हिडिया तुमच्याकडे आहेच. २०२५ च्या अखेरीला एस अँड पी ५०० मध्ये तिचा वाटा आठ टक्क्यांच्या घरात होता.

पुण्यात एनव्हिडियाचं केंद्र आहे आणि तिथे काम करणाऱ्या अनेकांना पगाराचा भाग शेअरमध्ये मिळतो. त्यांच्यासाठी वरचा हिशोब दुप्पट महत्त्वाचा, कारण पगार आणि बचत दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात. शेअर हातात पडतील तसे थोडे विकायचे की ठेवायचे, हे निकालाच्या रात्री नाही, आधीच ठरवून कागदावर लिहा.

निकालाआधी लिहायचं पान

मावसभाऊ आता निकालाच्या आदल्या रविवारी चार ओळी लिहितो. कंपनीने सांगितलेली विक्री अधिक दोन-तीन अब्ज: हा बाजाराचा खरा आकडा. ढोबळ नफ्याचं प्रमाण किती सांगितलं होतं. मोठ्या चार गिऱ्हाइकांनी खर्च वाढवला की कमी केला. आणि शेवटची ओळ: कुठला आकडा दिसला तर माझं मत बदलेल. नोव्हेंबर २०२५ च्या निकालाआधी त्याने तिथे लिहिलं होतं, 'कारण नसताना ढोबळ नफा ७२ च्या खाली, सलग दोनदा.' २० तारखेला पहाटे त्याने आधी मुख्य वित्त अधिकाऱ्यांचं निवेदन उघडलं, ढोबळ नफ्याची ओळ वाचली, ७३.४ लिहून घेतलं आणि झोपायला गेला. रात्री शेअर खाली आला तेव्हा त्याचा फोन आला नाही.